डे-केअर केमोला बदली झाली आहे. ट्रेनिंगमध्ये नेमकं काय शिकून यायचं?

रात्रपाळी

नमस्कार. मी एका जिल्हा रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. शिक्षण जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा. आजवरची नोकरी बहुतेक फीमेल मेडिकल आणि कॅज्युअल्टीत गेली. आता आमच्याकडे डे-केअर केमोथेरपी सुरू होतेय, म्हणजे कॅन्सरच्या पेशंटने सकाळी येऊन औषध घ्यायचं आणि संध्याकाळी घरी जायचं. तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत अशी सेंटर्स काढायची, त्यातली २०० २०२५-२६ मध्येच, असं केंद्राच्या बजेटमध्ये जाहीर झालं होतं. तेव्हापासून आमच्याकडे कुजबुज होती, शेवटी ऑर्डर निघाली. माझी आणि माझ्या एका सहकारी सिस्टरची. आधी मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलात दोन आठवडे ट्रेनिंग, मग इथे रुजू. पहिला डोस वरच्या हॉस्पिटलात होणार, पुढचे डोस आमच्याकडे, म्हणजे पेशंटची मुंबईची खेप वाचते. कल्पना चांगलीच आहे, त्याबद्दल वाद नाही.

पण खोली बघून आले आणि झोप उडाली. चार बेड, एसी, टीव्ही, भिंतीवर छान चित्रं. औषध कुठे मिसळायचं म्हणून विचारलं तर कोपऱ्यातलं एक टेबल दाखवलं, वर पंखा. "सिस्टरच मिसळतील की." डॉक्टर फिजिशियन आहेत, त्यांचंही ट्रेनिंग झालंय, पण त्यांना ओपीडी आणि आयसीयू दोन्ही बघायचंय. म्हणजे खोलीत दिवसभर आम्ही दोघीच. त्यात सहकारी तीन महिन्यांची गरोदर आहे, तिने अजून ऑफिसात सांगितलेलं नाही.

सगळे म्हणतात, "सलाईन लावता येतं ना? मग झालं." शिरा मला बऱ्या सापडतात, ती भीती नाही. पण चुकलं तर ते अँटिबायोटिक चुकण्यासारखं नाही एवढं कळतं. दोन आठवड्यांत सगळं शिकून होणार नाही, तर कशाकडे जास्त लक्ष देऊ? आणि परत आल्यावर कशाला ठाम नाही म्हणायचं? अनुभवी मंडळींनी सांगावं.

कोकणी ब्रदर

ताई, एवढा बाऊ करू नका. मी पुण्यात खासगी हॉस्पिटलच्या ऑन्को (कॅन्सर) डे-केअरला आहे. पहिला महिना छाती धडधडते, मग हात बसतो. प्रोटोकॉल छापील असतात: कुठलं औषध किती सलाईनमध्ये, किती वेळात, आधी कुठली इंजेक्शनं. ते पाठ करा. आणि चांगला कॅन्युला टाकायला शिका, निम्मं काम तिथेच होतं. डबल चेक, म्हणजे डोस दोघांनी तपासणं वगैरे, शेवटी दोन सह्या असतात, कागद भरपूर भरावे लागतात, त्याची सवय करा. औषध मिसळायला मात्र आमच्याकडे फार्मसी आहे, त्यामुळे तुमच्या टेबलाबद्दल मला सांगता येणार नाही.

जुनी परिसेविका

रात्रपाळी, तुझा धागा दोनदा वाचला. अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस, तुझ्या वयाच्या मुली माझ्या हाताखाली शिकल्या. केमो वॉर्डची इन्चार्ज म्हणून निवृत्त झाले. त्याआधी टाटा मेमोरियलमधून ऑन्कॉलॉजी नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा केला होता. एक वर्षाचा, हे मुद्दाम सांगतेय. दोन आठवड्यांत तुला त्यातलं तेवढंच मिळेल जेवढं तू मागून घेशील. तिथल्या सिस्टर कामात बुडालेल्या असतात, आपणहून कोणी शिकवत बसत नाही.

आधी ब्रदरांच्या दोन सह्यांबद्दल. २००६ मध्ये कॅनडात एडमंटनला काय झालं ते वाचा. एका बाईला फ्लुरोयुरॅसिल हे केमोचं औषध चार दिवस पंपातून द्यायचं होतं. हिशेब होता २४ तासांना २८.८ मिली, म्हणजे तासाला १.२. नर्सने गणित करताना २४ ने भागायचं राहिलं, उत्तर आलं २८.८. लेबलकडे बघितलं तर तिथे २८.८ छापलेलंच होतं! बरोबर वाटलं. दुसऱ्या नर्सने तपासलं, तिच्याकडूनही सुटलं. चार दिवसांचं औषध चार तासांत गेलं आणि ती बाई काही आठवड्यांत वारली. तिथे तपासणी झाली नव्हती असं नाही. दोघी अनुभवी होत्या, हॉस्पिटल कॅन्सरचंच होतं.

म्हणून ट्रेनिंगला गेलीस की बघ, तिथे दुसरी सिस्टर कशी तपासते. पहिलीने "८६ मिलिग्रॅम, बरोबर ना?" म्हणून कागद पुढे केला आणि दुसरीने मान हलवली, तर ते तपासणं नव्हे. दुसरीने पहिलीचं उत्तर न बघता उंची-वजनापासून स्वतः गणित मांडायचं, मग दोन्ही उत्तरं शेजारी ठेवायची. डोस शरीराच्या क्षेत्रफळावर ठरतो, ते काढायचं गणित काही अवघड नाही. उंची सेंटिमीटरमध्ये, वजन किलोत, दोन्हीचा गुणाकार, भागिले ३६००, त्याचं वर्गमूळ. १५० सेंटिमीटर, ५० किलोची बाई म्हणजे १.४४ चौरस मीटर. डॉक्सोरुबिसिन चौरस मीटरला ६० मिलिग्रॅमने द्यायचं तर साधारण ८६. तीच बाई तिसऱ्या सायकलला (केमोच्या फेरीला) ४४ किलोवर आली तर १.३५, म्हणजे ८१. आता सांग, वजन मागच्या केस पेपरवरून उतरवायचं की काट्यावर उभं करून घ्यायचं? मी वॉर्डात पहिली सक्ती वजनकाट्याची केली होती, चप्पल काढून. बायका कुरकुर करायच्या, करू देत.

हे गणित रोज संध्याकाळी खोलीवर बसून दहा-दहा पेशंटचं मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर कर. हाताला इतकं बसलं पाहिजे की आकडा वेडावाकडा आला तर तो बघूनच खटकावं.

नावाचंही असंच. "तुम्ही अमुकबाई ना?" असं विचारलं की आपल्याकडची बाई "हो" म्हणते. अर्धवट झोपेत असेल, ऐकू आलं नसेल, तरी हो. शेजारच्या बेडवर त्याच आडनावाची दुसरी बसलेली असते. "तुमचं पूर्ण नाव सांगा" म्हणायचं आणि ती सांगेल ते केस पेपरवर बोट ठेवून वाचायचं. आणि औषधाचं नाव डॉक्टरांकडून अख्खं लिहून घे. "पॅक्ली", "कार्बो", "डॉक्सो" चालवून घेऊ नकोस. व्हिनक्रिस्टीन-व्हिनब्लास्टीन, पॅक्लिटॅक्सेल-डोसिटॅक्सेल, सिसप्लॅटिन-कार्बोप्लॅटिन, साधं डॉक्सोरुबिसिन आणि लायपोसोमलवालं. या जोड्यांमध्ये डोसांचा जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आता शीर. तू म्हणतेस ती भीती नाही. मी म्हणते, थोडी ठेव. कॅज्युअल्टीत आपण सापडेल तिथे मारतो, कोपराच्या खोबणीत सगळ्यात आधी. इथे ती खोबण आणि मनगट दोन्ही टाळायचं. कोपराखालचा हाताचा सपाट भाग धर. ज्या बाजूच्या स्तनाचं ऑपरेशन होऊन काखेतल्या गाठी काढल्यात, तो हात घ्यायचा नाही. काल-आज जिथे टोचून झालंय त्याच्या खालच्या बाजूला त्याच शिरेत जायचं नाही, वरच्या भोकातून औषध गळतं. बटरफ्लाय सुई नको, प्लॅस्टिकचा कॅन्युला. वर पारदर्शक पट्टी, म्हणजे जागा दिसत राहते. पांढऱ्या चिकटपट्टीचा बोळा करून ठेवणाऱ्यांवर मी ओरडायचे. आणि बांगड्या-पाटल्या आधी उतरवायच्या.

औषधांमधली जाळणारी कुठली हे नावानिशी पाठ हवं: डॉक्सोरुबिसिन, एपिरुबिसिन, डॉनोरुबिसिन, व्हिनक्रिस्टीन, व्हिनब्लास्टीन, व्हिनोरेलबिन, मायटोमायसिन. ही शिरेबाहेर गेली तर कातडी मरते, जखम महिनोन् महिने भरत नाही, कधी त्वचारोपण करावं लागतं. डॉक्सोरुबिसिन सिरिंजने देताना बाजूला साधं सलाईन वाहतं ठेवायचं आणि त्या नळीच्या फाट्यातून हळूहळू सोडायचं. दर दोन-चार मिलीला पिस्टन किंचित मागे ओढून रक्त येतंय का बघायचं. या वेळात फोन नाही, नातेवाइकांना उत्तरं नाहीत, "सिस्टर जरा इकडे या" नाही. डॉक्टरांनी हाक मारली तरी नाही.

एक प्रसंग सांगते. साठीच्या आजी, दुसरी सायकल. माझ्या हाताखालची एक मुलगी लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, देत होती, मी शेजारच्या बेडवर. तिने विचारलं, "आजी, काही त्रास?" आजी म्हणाल्या, "न्हाई बया." रक्त परत येत होतं, सूज नव्हती. पण आजींची दुसऱ्या हाताची बोटं पदराशी चाळा करत होती. मी विचारलं, "आजी, मुंगी चावल्यागत होतंय का? आग होतेय का?" तर म्हणाल्या, "ते तर मघाधरनं होतंय. औषधच हाय, होनारच." तिथल्या तिथे थांबवलं. फुगवटा यायच्या आधी धरलं म्हणून निभावलं. आपले पेशंट त्रास सांगत नाहीत, सोसतात. नेमकं विचारल्याशिवाय कळत नाही, आणि हे कुठल्या प्रोटोकॉलमध्ये छापलेलं नसतं.

बाहेर गेल्याचा संशय आला तर आपला पहिला झटका कॅन्युला उपटून बोळा दाबायचा असतो. तसं करायचं नाही. औषध बंद, कॅन्युला तिथेच, नळी सोडवून रिकामी सिरिंज लाव आणि जेवढं मागे ओढून निघेल तेवढं काढ. दाबायचं नाही, चोळायचं नाही. पेनाने कडा आख, फोटो काढ, डॉक्टरांना बोलाव. कॅन्युला काढायचा तो नंतर. शेक कुठला, हे उलटसुलट होऊ देऊ नकोस: डॉक्सोरुबिसिनच्या घराण्याला गार, व्हिनक्रिस्टीनच्या घराण्याला कोमट. व्हिनक्रिस्टीनला हायलुरोनिडेज आजूबाजूला टोचतात. डॉक्सोरुबिसिनला डेक्सराझोक्सेन हा उतारा आहे, सहा तासांच्या आत सुरू करावं लागतं. ट्रेनिंगमध्ये हे सगळं एकदा कोणाकडून तरी खोट्या हातावर करून घे, नुसतं ऐकू नकोस.

राहिली रिॲक्शन. पॅक्लिटॅक्सेल सुरू केलं की पहिली पंधरा मिनिटं पेशंटजवळून हलायचं नाही, विशेषतः पहिल्या-दुसऱ्या डोसला. चेहरा लाल होतो, छातीत आवळतं, कंबर धरते. ॲड्रिनॅलिन, हायड्रोकॉर्टिसोन, एव्हिल, ऑक्सिजन हाताशी हवं, कुलपात नको आणि किल्ली घरी गेलेल्या सिस्टरकडे तर नकोच नको. कार्बोप्लॅटिनची तऱ्हा उलटी: पाच-सहा डोस सुरळीत जातात आणि मग सातव्या-आठव्याला अंगावर येतं. तुझ्याकडे पुढचेच डोस येणार आहेत, तेव्हा "वर काही झालं नव्हतं" यावर विसंबू नकोस.

टेबल आणि पंखा यावर लिहिणार होते, पण इथे एक फार्मासिस्ट येऊन जाऊन असतात, त्यांनी लिहावं. माझं मत एका वाक्यात: त्या टेबलावर एक व्हायलही फोडायची नाही. आणि तुझ्या सहकारीला म्हणावं, आज सांग, उद्या नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने या औषधांना हात लावायचा नसतो. तिची ड्युटी बदलून मिळालीच पाहिजे. लाजायचं काय त्यात?

गोळीवाला

परिसेविका ताईंनी आवतण दिलंच आहे तर. मी हॉस्पिटल फार्मासिस्ट, सायटोटॉक्सिक मिक्सिंगला, म्हणजे केमोची औषधं मिसळायला, बरीच वर्षं.

ही औषधं मिसळायला बायोसेफ्टी कॅबिनेट लागतं, ज्यात हवा वरून खाली वाहते आणि गाळून बाहेर जाते. व्हायलमध्ये सुई घालताना-काढताना बारीक फवारा उडतो. तो दिसत नाही, वासही येत नाही. वर पंखा असेल तर तो सगळ्या खोलीभर, आणि चार बेडवरचे नातेवाईकही त्यातच बसलेले. कॅबिनेट येईपर्यंत एक मार्ग असतो: ज्या मोठ्या हॉस्पिटलशी तुमचं सेंटर जोडलंय किंवा जवळच्या मेडिकल कॉलेजला सोय आहे, तिथून तयार बाटल्या आणणं. पण मिसळल्यानंतर किती तास टिकतं हे प्रत्येक औषधाचं वेगळं, तेव्हा सगळीच अशी आणता येत नाहीत. त्यांच्या फार्मसीशी बसून यादी करावी लागेल. नाहीतर कॅबिनेट बसेपर्यंत केमो सुरू करू नये. उद्घाटनाची तारीख ठरलेली असली तरी.

मिसळणं तुमच्याकडेच आलं तर काही गोष्टी हाताखाली असू द्या. ऑक्सॅलिप्लॅटिन नॉर्मल सलाईनमध्ये कधीही नाही, फक्त डेक्स्ट्रोजमध्ये. सिसप्लॅटिन याच्या उलट, सलाईनमध्येच. पॅक्लिटॅक्सेल साध्या पीव्हीसी पिशवीत आणि नळीत नको, त्यातलं द्रावक प्लॅस्टिकमधलं रसायन ओढून घेतं. त्याला वेगळा सेट आणि बारीक फिल्टर लागतो. हा सेट इंडेंटमध्ये (मागणीच्या यादीत) हमखास विसरतात, औषध येतं आणि सेट येत नाही. नळीतली हवा काढायची ती साध्या सलाईनने, औषध जोडायच्या आधी. औषधाने प्राइम केलं की चार थेंब जमिनीवर पडलेच. ते पुसते कोण? मावशी, उघड्या हातांनी. त्यामुळे ट्रेनिंगमध्ये स्पिल किट, म्हणजे सांडलेलं औषध उचलायचं सामान, बघून या आणि परत आल्यावर मावशींना शिकवा, त्यांना कोणी ट्रेनिंगला पाठवत नाही. कचरा पिवळ्या पिशवीत किंवा डब्यात, वर सायटोटॉक्सिकचं लेबल. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो १२०० अंशांच्या वर जाळावा लागतो. तुमचा कचरा नेणारा तसं करतो का, हे ऑफिसला लेखी विचारा.

व्हिनक्रिस्टीन सिरिंजमध्ये भरून ठेवू नका, छोट्या सलाईन पिशवीत घ्या. सिरिंजमध्ये असलं की कोणीतरी पाठीच्या कण्यात द्यायच्या इंजेक्शनसोबत ट्रेमध्ये ठेवतं, आणि कण्यात गेलेलं व्हिनक्रिस्टीन म्हणजे मृत्यू. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये याबद्दल इशाराच काढला होता. पिशवी मणक्याला जोडायचा विचार कोणाच्याही डोक्यात येत नाही.

आणि दोन सह्यांवर थोडी भर. बोस्टनला १९९४ मध्ये बेट्सी लेहमन नावाच्या पत्रकार बाई गेल्या. 'बोस्टन ग्लोब'मध्ये आरोग्यावरच लिहायच्या. सायक्लोफॉस्फमाइडचा चार दिवसांचा मिळून असलेला डोस त्यांना रोज एक असा चार दिवस दिला गेला. डॉक्टर, फार्मासिस्ट, नर्स, सगळ्यांच्या हाताखालून. चूक उघडकीला आली ती त्यांच्या मृत्यूनंतर दोन-अडीच महिन्यांनी, नोंदी तपासताना. म्हणून ऑर्डरवर "एकूण" की "रोज" हे शब्दांत लिहिलेलं नसेल तर माझ्या खिडकीवरून कागद परत जातो. डॉक्टर चिडतात. चिडू देत.

कोकणी ब्रदर

सह्यांबद्दलचं मागे घेतो. आमच्याकडेही खरं तर पहिल्याचा आकडा बघूनच दुसरा सही करतो. उद्या इन्चार्जशी बोलतो.

रात्रपाळी

सगळ्यांचे आभार. सहकारीने आज मेट्रन मॅडमना सांगितलं. त्या चिडतील वाटलं होतं, पण लगेच दुसरी सिस्टर बघते म्हणाल्या.

परिसेविका ताई, दोन शंका. डेक्सराझोक्सेन आमच्या स्टोअरला नाही, मागवलं तरी येईल असं वाटत नाही, फार महाग आहे म्हणे. मग काय? आणि आमचे पेशंट साठ-सत्तर किलोमीटरवरून एसटीने येणार, संध्याकाळच्या गाडीने परत जाणार. रात्री काही झालं तर?

जुनी परिसेविका

डेक्सराझोक्सेनचं असं आहे. जिल्ह्याला जोडलेल्या मोठ्या हॉस्पिटलात ते आहे का आणि तिथवर गाडीने किती वेळ लागतो, हे आजच विचारून ठेव. सहा तासांत पोचवता आलं तर पेशंट तिकडे पाठवायचा, चिठ्ठीवर किती वाजता आणि अंदाजे किती मिली बाहेर गेलं ते लिहून. तिथे ते देणार असतील तर बर्फ त्याआधी पंधरा मिनिटं काढायचा असतो, तेही चिठ्ठीवर लिही. नसेलच कुठे, तर गार शेक: वीस-वीस मिनिटं, दिवसातून चार वेळा, दीड-दोन दिवस. हात उशीवर उंच आणि सर्जनना त्याच दिवशी दाखवायचं, फोड येण्याची वाट बघत नाही. ज्या बाईच्या शिरा आधीच जळून दोरीसारख्या टणक झाल्यात तिला लाल औषध हातातून द्यायचंच नाही. पोर्ट किंवा पिक लाइन (मोठ्या शिरेपर्यंत जाणारी नळी) टाकून आणायला वर परत पाठव. "एवढ्या लांबून आलेय, आजचा डोस होऊन जाऊ दे" असं सगळे म्हणतील, पेशंट स्वतः हात जोडेल. तिथे तू विरघळशील, मला माहितीय, तू साधी दिसतेस. डॉक्टरांना आधीच सांगून ठेव की हा निर्णय सिस्टरचा राहील.

दुसरी शंका मोठी आहे. केमोनंतर सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या दिवसांत ताप म्हणजे इमर्जन्सी. घरातले काय करतात? पॅरासिटॅमॉल देतात, ताप उतरतो, सगळे निर्धास्त, आणि दुसऱ्या दिवशी बाई बीपी पडून येते. घरी थर्मामीटर हवाच. नसेल तर डिस्चार्जच्या वेळी द्यायला मिळतो का बघ, शंभर-दोनशे रुपयांची वस्तू आहे. शंभर पूर्णांक चार अंश फॅरनहाइट किंवा वर, किंवा नुसती थंडी वाजून आली, तर रात्री दोन वाजता असलं तरी निघायचं, गोळी घेऊन झोपायचं नाही. हे पेशंटला सांगून भागत नाही, तिला आणायला जो येतो त्याच्याकडून परत म्हणवून घे. बहुतेकदा दर वेळी वेगळा माणूस येतो, कधी मुलगा कधी जावई, म्हणून दर वेळी.

पण रात्री ती येणार कुठे? तुझं डे-केअर पाचला बंद. ती येईल तुझ्याच जुन्या कॅज्युअल्टीत, आणि तिथला पोरगेला डॉक्टर तिला व्हायरल म्हणून घरी पाठवेल. तेव्हा सेंटर सुरू व्हायच्या आधी कॅज्युअल्टीच्या टेबलावर एक कागद चिकटव: केमोचा पेशंट आणि ताप, लगेच सीबीसी आणि कल्चर या रक्ततपासण्या, तासाच्या आत अँटिबायोटिक, कुठलं ते तुमच्या फिजिशियनकडून लिहून घे. पेशंटच्या केस पेपरच्या पहिल्या पानावर लाल पेनाने औषधाचं नाव, शेवटच्या डोसची तारीख आणि रात्री उचलला जाईल असा नंबर. सेंटरचा लँडलाइन नको, तो पाचनंतर वाजत बसतो.